टाचेच्या शिरेची शस्त्रक्रिया आणि पोटरीचे बळ : एक अभ्यास

टाचेच्या मागे, घोट्याच्या थोडे वर, अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरता येईल अशी एक जाड, ताठ दोरी प्रत्येकाच्या हाताला लागते. डॉक्टर मंडळी तिला ॲकिलीस टेंडन म्हणतात. आपण टाचेची शीर म्हणतो. वास्तविक ‘शीर’ हा शब्द आपण रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा या तिघांनाही सरसकट लावतो. त्यामुळे ‘शीर तुटली’ असे सांगितल्यावर नेमके काय तुटले, हे घरच्या माणसांना पुष्कळदा कळतच नाही. प्रस्तुत लेखात शीर म्हणजे कंडरा, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ही शीर तुटल्यास ती शिवता येते. शस्त्रक्रिया कशी करतात हा आमचा विषय नाही. शिवण घातल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रुग्णाने व घरच्यांनी काय करावे, काय टाळावे आणि पोटरीची गेलेली ताकद परत कशी आणावी, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. शिवलेली शीर बहुतेकांची नीट सांधते. मागे राहते ती पोटरी. रुग्ण कुबड्या सोडतो, चालू लागतो, कामावर रुजू होतो, शेजारीपाजारी ‘बरा झाला’ म्हणतात आणि व्यायाम तेथेच थांबतो. पुढे वर्ष-दोन वर्षांनी तोच माणूस सांगतो की जिना उतरताना पाय अजून धसकतो, बससाठी धावता येत नाही. ज्यांचे पोट अंगमेहनतीवर आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न रोजीरोटीचा होतो.

शीर तुटते कशी?

खेळताना शीर तुटलेले रुग्ण बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानचे पुरुष असतात. आठवडाभर खुर्चीतले काम आणि सुट्टीच्या दिवशी एकदम कबड्डी, बॅडमिंटन किंवा रस्सीखेच, असा हा प्रकार. असे रुग्ण जवळजवळ एकच हकीकत सांगतात. मागून कोणी लाथ मारली असे वाटले, वळून पाहिले तर मागे कोणीच नव्हते. काहींना ‘फट्’ असा आवाजही ऐकू येतो. टाचेच्या हाडापासून सुमारे २ ते ६ सेंटीमीटर वर या शिरेचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो आणि बहुतेक वेळा ती तेथेच तुटते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांनीही ही शीर कमजोर होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने २००८ साली या औषधांवर तसा ठळक चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक केले. साठी ओलांडलेल्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या घेऊन खाणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

आपल्या देशात आणखी एक प्रकार आढळतो, जो परदेशी पुस्तकांत फारसा सापडत नाही. भारतीय पद्धतीच्या शौचालयात ओल्या फरशीवरून पाय घसरून भांड्यात जातो. चिनी मातीचे भांडे फुटते किंवा आधीच तडकलेले असते. घाबरून पाय बाहेर ओढताना त्याची धार टाचेमागची शीर कापून काढते. भारतातील डॉक्टरांनी या इजेच्या नोंदी केलेल्या आहेत आणि त्यांत स्त्रिया व वृद्धही असतात. बाहेरची जखम कधीकधी दीड-दोन इंचांचीच दिसते. एखाद्या दवाखान्यात वरवर दोन टाके घालून रुग्णाला घरी पाठवले जाते आणि आत शीर तशीच तुटलेली राहते. अशा रुग्णाचा पुढे किती वेळ व पैसा वाया जातो हे आम्ही पाहिलेले आहे. चाळीतले वा वस्तीतले सामाईक शौचालय असेल, तर तडा गेलेले भांडे वेळीच बदलून घेणे हे काम कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त आहे.

शीर तुटली की नाही हे पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. रुग्णाला पालथे झोपवून पावले पलंगाच्या कडेबाहेर येऊ द्यावीत आणि पोटरी हाताने दाबावी. शीर शाबूत असेल तर पाऊल खालच्या दिशेने हलते. तुटली असेल तर निपचित राहते. सिमंड्स यांनी १९५७ साली आणि थॉम्पसन यांनी १९६२ साली ही चाचणी मांडली. पायाची बोटे हलतात, लंगडत चालताही येते, म्हणून ‘नुसता मुरगळला’ असे समजून तेल चोळत बसणारे खूप. बोटे हलवणाऱ्या शिरा निराळ्या असतात, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

दोरी आणि ती ओढणारे स्नायू

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरचा, बाहेरून गोळ्यासारखा दिसणारा, तो गॅस्ट्रॉक्निमियस. त्याच्या खाली दडलेला, चपटा पण अतिशय चिवट, तो सोलियस. पहिला गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणून गुडघा सरळ असताना त्याला पुरा जोर लावता येतो. दुसरा गुडघ्याच्या खालून निघतो, म्हणून गुडघा वाकवला तरी तो काम करीतच राहतो. दोन्हींची मिळून ही एक शीर बनते आणि ती टाचेच्या हाडाला चिकटते. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. ही रचना सांगण्याचे कारण पुढे व्यायामाच्या वेळी कळेल.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सायकलच्या ब्रेकची वायर सैल झाली की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. हातातली पट्टी पुरी दाबली तरी रबर चाकाला नीट लागत नाही. तसेच शिवलेली शीर सांधताना थोडी लांबली, तर पोटरीचा स्नायू पुरा आखडूनही टाच पुरेशी वर उचलली जात नाही. मग त्या स्नायूला कितीही कसरत करवली तरी शेवटच्या टप्प्यातला जोर येत नाही. फिनलंडमधील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर सरासरी १४ वर्षांनी रुग्ण तपासले, तेव्हा त्या पायाची शीर दुसऱ्या पायापेक्षा सरासरी १२ मिलिमीटर लांब आढळली आणि पोटरीचे स्नायू बारीक राहिलेले दिसले. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जेमतेम सव्वा सेंटीमीटरचा हा फरक एवढी वर्षे टिकून होता.

तेव्हा या उपचारात दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. शीर लवकर हलवायची, म्हणजे ती मजबूत सांधेल आणि पोटरी वाळणार नाही. पण ताणायची नाही, म्हणजे ती लांबणार नाही. हलवणे आणि ताणणे यातला फरक ज्याला कळला, त्याला निम्मा उपचार कळला असे आम्ही मानतो.

येथे शस्त्रक्रियेच्या निर्णयाबद्दल थोडेसे. धारदार वस्तूने कापलेली शीर शिवावीच लागते. खेळताना तुटलेली शीर मात्र पायाचे पाऊल खाली झुकवून, खास बूट घालून, शस्त्रक्रियेविनाही सांधते. कॅनडात १४४ रुग्णांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लवकर हालचाल सुरू केल्यावर दोन्ही गटांत पुन्हा शीर तुटण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. नॉर्वेतील २०२२ च्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी ६.२ टक्के रुग्णांची शीर पुन्हा तुटली, तर शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. परंतु वर्षाअखेर रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या परिस्थितीत फरक आढळला नाही आणि शस्त्रक्रियेच्या गटांत मज्जातंतूला इजा होण्याचे प्रमाण जास्त होते. निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. पुढचा व्यायाम दोन्ही मार्गांत टळत नाही.

पहिले सहा आठवडे

पूर्वी सहा-आठ आठवडे पाय प्लास्टरमध्ये घट्ट बांधून ठेवीत. प्लास्टर काढल्यावर पोटरी काठीसारखी झालेली असे आणि घोटा लाकडासारखा. अलीकडे ही पद्धत बरीच मागे पडली आहे. कारण सांधणाऱ्या शिरेतले तंतू ज्या दिशेने हलकी ओढ मिळते त्या दिशेने रांगेत बसतात. ओढच मिळाली नाही तर ते कसेही विस्कटलेले राहतात. तथापि प्रत्येक शल्यचिकित्सकाची शिवण व सवय वेगळी असते. खाली दिलेले आठवडे सर्वसाधारण समजावेत. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला आठवडा निराळा असेल तर तोच पाळावा.

पहिले दोन आठवडे जखमेचे. पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत पट्टीत बांधलेले असते. पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवावा, कारण सूज जितकी कमी तितकी जखम लवकर भरते. टाचेमागची कातडी पातळ असते, तिथली जखम उघडली तर भरता भरत नाही. मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवावी आणि तंबाखू, मिश्री, विडी या काळात तरी पूर्ण बंद करावी. पायाची बोटे हलवणे, गुडघा ताठ करून मांडी आखडणे, पाय सरळ ठेवून उचलणे हे व्यायाम पलंगावरच करावेत. पोटरी अचानक सुजली, गरम व दुखरी झाली, किंवा धाप लागून छातीत कळ आली, तर ती पायात रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

साधारण दोन आठवड्यांनी टाके काढतात आणि मग बहुतेक ठिकाणी गुडघ्याखालपर्यंत येणारा, पट्ट्यांनी बांधायचा बूट देतात. बुटात टाचेखाली तीन-चार पाचरी असतात, त्यांच्यामुळे पाऊल झुकलेलेच राहते. दर आठवड्याला वा पंधरवड्याला एक पाचर काढायची आणि पाऊल हळूहळू सपाट आणायचे. या बुटात कुबड्यांच्या आधाराने पाय टेकवून चालायला सहसा परवानगी मिळते. जिन्याचा नियम सर्वांना पाठ करून ठेवावा असा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी. एक बारीक सूचना अशी की बुटाचा तळ जाड असल्याने दुसऱ्या पायातही जाड तळव्याची चप्पल वा बूट घालावा, नाहीतर कंबर वाकडी होऊन नवे दुखणे मागे लागते.

याच काळात, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, बसून बूट काढून पाऊल हलवण्याचा व्यायाम सुरू होतो. पाऊल स्वतःच्या ताकदीने खाली दाबायचे आणि स्वतःच्या ताकदीने वर आणायचे, पण पायाशी काटकोन झाला की थांबायचे. त्याच्या पुढे नाही. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा-पंधरा आवर्तने पुरतात. हातात टॉवेल घेऊन पाऊल आपल्याकडे ओढण्याचा जो व्यायाम इतर दुखण्यांसाठी सांगतात, तो येथे चालत नाही.

ओढून देणारे हात

घरात रुग्ण असला की मदत करणारे पुष्कळ जमतात. कोणी तेल गरम करून आणते, कोणी गावाकडच्या मालिश करणाऱ्याला बोलावते. ‘घोटा आखडलाय, जरा मोकळा करून देतो,’ असे म्हणून तो चवडा धरून पाऊल नाकाच्या दिशेने जोरात दाबतो. रुग्णाला बरेही वाटते, कारण आखडलेले ढिले होते. पण जे ढिले झाले ते घोट्याचे सांधे नसून ताजी सांधलेली शीरही असू शकते, आणि एकदा लांबलेली शीर व्यायामाने आखूड होत नाही. जखम पूर्ण भरल्यावर वणाच्या कातडीवर बोटाच्या टोकाने हलके तेल चोळण्यास हरकत नाही. पाऊल वर दाबणारा हात मात्र आजीचा असो की मित्राचा, पहिले तीन महिने नम्रपणे दूर ठेवावा. घोट्याचा ताठरपणा पुढे चालण्याने व उभ्याच्या व्यायामाने आपोआप बराच जातो.

हीच गोष्ट उकिडवे बसण्याची. परदेशी तक्त्यांत याचा उल्लेख नसतो, कारण तिथे कोणी उकिडवे बसत नाही. आपल्याकडे शौचाला, धुणे-भांड्याला, भाजी निवडायला, शेतात खुरपायला माणूस सहज उकिडवा बसतो. टाचा जमिनीवर टेकवून असे बसताना घोटा जवळजवळ पुरा वाकतो आणि शिरेवर शेवटचा ताण येतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच, निदान घरी येण्यापूर्वी, शौचाची सोय पाहावी. कमोड नसेल तर भोक पाडलेली खुर्ची भारतीय भांड्यावर ठेवता येते; साधी प्लास्टिकची वा लोखंडी खुर्चीही सुतार किंवा वेल्डर करून देतो. खुर्ची हलत नाही ना, हे आधी चांगल्या माणसाने बसून पाहावे. भांडी ओट्यावर घासावीत, धुणे स्टुलावर बसून करावे. उकिडवे बसणे सहसा चार-पाच महिन्यांनंतर, आणि तेही टाचेखाली लाकडी पाटाचा तुकडा ठेवून, हळूहळू सुरू करावे.

बूट सुटतो तेव्हा

सहा ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान बूट सुटतो. पुन्हा शीर तुटण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो आणि त्यातही हा काळ फसवा, कारण दुखत नाही, बूट नाही, आणि मनाला वाटते सुटलो. न्हाणीघरातली ओली फरशी, बसची उंच पायरी, अंधारात हुकलेले जिन्याचे पाऊल, स्कूटरची किक, ही या दिवसांतली खरी संकटे आहेत. आपण घरात अनवाणी चालतो. या काळात घरातही टाचेला किंचित उंची असलेली, मागून पट्टा असलेली चप्पल वा बूट घालावा. सपाट, सैल स्लीपर नको.

आता पोटरीचे काम सुरू होते. पहिला व्यायाम खुर्चीत बसून. दोन्ही पावले जमिनीवर, गुडघा काटकोनात, आणि टाचा वर उचलायच्या. गुडघा वाकलेला असल्याने हे काम सोलियस करतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मागे राहणाऱ्या स्नायूंत हाही असतो. आठवड्याभराने मांडीवर, गुडघ्याजवळ, वजन ठेवावे. पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो, तांदळाची पिशवी म्हणजे हवे तितके किलो. यासाठी व्यायामशाळा लागत नाही. रबरी पट्टा चवड्याला अडकवून पाऊल खाली दाबण्याचा व्यायामही याच वेळी सुरू करतात.

नंतर उभे राहून. ओट्याला किंवा भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचलायच्या. सुरुवातीला सगळे वजन चांगल्या पायावर जाते आणि दुखरा पाय नुसता सोबत वर येतो. रुग्णाला हे जाणवत नाही. घरातल्या कोणी मागून पाहून सांगावे. दोन वजनकाटे मिळाले तर एकेका पायाखाली एकेक ठेवून किती भार कुठे पडतो हे आकड्यांत दिसते. पुढची पायरी म्हणजे दोन पायांवर वर जाणे आणि दुखऱ्या एका पायावर सावकाश खाली येणे, जमिनीपर्यंतच. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच पायरीखाली सोडण्याचा व्यायाम टाचेच्या जुनाट दुखण्यावर प्रसिद्ध आहे. शिवलेल्या शिरेला मात्र तो पहिल्या महिन्यांत करू नये, कारण त्यात शीर ताणली जाते.

शेवटी एका पायावर टाच उचलणे. ही या सगळ्या उपचाराची परीक्षा. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या एका अभ्यासात बारा आठवड्यांनी जवळपास निम्म्या रुग्णांना एकदाही एका पायावर टाच उचलता आली नाही. तेव्हा तीन महिन्यांनी जमले नाही म्हणून कोणी खचू नये. पण सहा महिन्यांनीही जमत नसेल तर तपासणीला जावे.

किती वेळा उचलली यासोबत किती उंच उचलली हे मोजणे आम्ही तितकेच महत्त्वाचे मानतो. वीस वेळा उचलली म्हणून सांगणाऱ्याची टाच पुष्कळदा दीड-दोन इंचच वर जाते, उरलेले काम गुडघा वाकवून वा अंग पुढे झोकून केलेले असते. घरी मोजण्याची पद्धत सोपी आहे. भिंतीला पट्टी उभी चिकटवावी, तिच्याजवळ बाजूने उभे राहून भिंतीला फक्त बोटे लावावीत, गुडघा ताठ ठेवून टाच उचलावी आणि टाच कितीपर्यंत गेली हे दुसऱ्याने वाचावे. आधी चांगला पाय, मग शिवलेला. तारीख घालून वहीत लिहावे. निरोगी तरुण माणूस एका पायावर सुमारे २५ वेळा टाच उचलू शकतो. उंची आणि संख्या या दोन्ही बाबतींत चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या जवळ येणे, हे लक्ष्य ठेवावे. काहींची उंची पूर्ण कधीच येत नाही, आणि तरी ते उत्तम चालतात व काम करतात. शीर किंचित लांबली असेल तर उरलेली ताकद वाढवून तेवढ्यावर भागवावे लागते.

पोटरीचा घेर टेपने मोजून निराश होणारेही बरेच भेटतात. गुडघ्याच्या वाटीपासून समान अंतरावर दोन्ही पायांचा घेर मोजला तर शिवलेला पाय वर्षभराने किंवा त्यानंतरही बारीक निघतो. घेर पुरा न येताही ताकद पुष्कळ सुधारते.

व्यायाम किती करावा? सुरुवातीचे हलके व्यायाम रोज. वजन घेतलेले व्यायाम एक दिवसाआड, दहा ते पंधरा आवर्तनांचे तीन फेरे, आणि शेवटची दोन-तीन आवर्तने कठीण जातील एवढा भार. सहज जमणाऱ्या भाराने स्नायू वाढत नाही. येथे बहुतेकांचा व्यायाम कमी पडतो. करताना थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शीर जास्त सुजली वा ताठ वाटली, तर भार एक पायरी खाली आणावा. जेवणात डाळ, उसळ, अंडी, मासे, दूध यांपैकी परवडेल ते रोज असावे.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

आपले कित्येक विद्यार्थी पोलीस भरतीच्या तयारीत असतात. तेथे मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर. टाचेची शीर शिवलेल्या उमेदवाराचा पहिला प्रश्न असतो, ‘पुढच्या भरतीला धावता येईल का?’ आम्ही तारीख सांगत नाही, कसोटी सांगतो. सरळ झपाट्याने अर्धा तास न लंगडता चालता येते का, एका पायावर टाच पुष्कळदा व बऱ्यापैकी उंच उचलता येते का, दोन पायांवर छोट्या उड्या मारता येतात का. हे जमल्यावर, सामान्यतः चार ते सहा महिन्यांच्या पुढे, एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशी सुरुवात करावी. वेगाची शंभर मीटर शर्यत सर्वांत शेवटी, कारण एकदम सुटताना शिरेला बसणारा झटका सर्वांत मोठा.

नामांकित खेळाडूंचे दाखले येथे उपयोगी पडतात. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमची शीर मार्च २०१० मध्ये तुटली, फिनलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये तो मैदानात उतरला. बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंटची शीर जून २०१९ मध्ये तुटली; तो डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे दीड वर्षाने, सामन्यात परतला. दोघांच्या दिमतीला उत्तम डॉक्टर होते, पैशाची चणचण नव्हती, तरी एकाला सहा महिने लागले आणि दुसऱ्याने अठरा घेतले. आपला गोलंदाज मोहम्मद शमी याच्या याच शिरेवर, ती तुटलेली नसताना, फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये रणजी सामन्यात खेळला. एखादी भरती हुकली तरी चालेल; अर्धवट पोटरीने धावून शीर पुन्हा तुटली तर पुढच्या भरत्याही हुकतात.

कामावर रुजू होणे

बैठे काम असेल तर बुटासह दोन ते सहा आठवड्यांत, घरापासून कामापर्यंत कसे जायचे ही सोय पाहून, रुजू होता येते. उभ्याने करायच्या कामास साधारण तीन महिने लागतात. हमाली, बांधकाम, सफाई, शिडीवरचे काम यांस चार ते सहा महिने, कधी अधिक. रुग्णालयातून निघताना कागदावर नुसते ‘विश्रांती’ असे न लिहून घेता, किती आठवडे उभे राहू नये, किती किलोपेक्षा जास्त उचलू नये, शिडी केव्हा चढावी, हे स्पष्ट लिहून मागावे. मुकादम किंवा साहेब तोंडी सांगितलेले ऐकत नाही. त्याच कागदावर फिजिओथेरपीची चिठ्ठीही मागावी. नुसते ‘फिजिओ’ असे लिहिलेले असेल तर शस्त्रक्रियेची तारीख आणि पाऊल काटकोनापुढे न नेण्याची मुदत त्यावर घालून घ्यावी, म्हणजे पुढचा माणूस अंदाजाने काम करणार नाही.

मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या विषयाचे शिक्षण सुरू झाले, आणि हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. रोज जाणे परवडत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा जाऊन पुढचा व्यायाम शिकून घ्यावा आणि घरी करावा. जाताना टाचेच्या उंचीची वही बरोबर न्यावी. पहिले वर्षभर दर महिन्याला दोन्ही पायांची उंची व संख्या तीत लिहिलेली असली, तर तपासणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते की काम शिरेचे अडले आहे की पोटरीचे.